डुबकी मारण्याआधी: नदी, कालवा आणि तलावाचं पाणी ओळखू या



आपल्या एका गटाची बैठक चालू होती. बचत गोळा झाली, हप्ते आले, वहीवर सह्या झाल्या. चहा येईपर्यंत गप्पा निघाल्या. ऋषिपंचमी आठ दिवसांवर आली होती. नदीवर आंघोळीला कुणी कुणी जायचं, टेम्पो सांगायचा का, असं बोलणं सुरू होतं. तेवढ्यात एक ताई म्हणाली, "मी काही येणार नाही बाई. माझ्या पोरानं उन्हाळाभर कालव्यात उड्या मारल्या आणि पुढं कावीळ झाली. शेळीसाठी गटातून कर्ज काढलं होतं, ते सगळं दवाखान्यात गेलं. शेळी राहिली बाजूला, हप्ता मात्र सुरूच आहे."

त्यावर गटातल्या आजी म्हणाल्या, "अगं, आम्ही लग्न होऊन आलो तेव्हापासून याच नदीत आंघोळी केल्या, धुणी धुतली, हिचंच पाणी प्यालो. आम्हाला नाही कधी काही झालं!"

बैठक जरा गप्प झाली, कारण दोघींचंही म्हणणं खरं होतं. त्या पोराची कावीळ कालव्यातूनच आली की पिण्याच्या पाण्यातून, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. पण आजींच्या तरुणपणीची नदी आणि आजची नदी यांत काय फरक पडला, आणि आज पाण्यात उतरायचं तर काय बघायचं, हे आपल्याला शिकता येईल. या महिन्याचा पाठ त्यावरच आहे. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्या मैत्रिणींनाही उपयोग होईल.

1. नदी तीच, पाणी वेगळं

आधी पाण्याचा प्रवास समजून घेऊ. पुणे शहराला पाणी येतं ते मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून. हे पाणी शहरातल्या घराघरांत जातं. स्वयंपाक, आंघोळ, धुणं, संडास यांसाठी वापरलं जातं, आणि मग सांडपाणी होऊन गटारात येतं. त्यातलं काही सांडपाणी प्रक्रिया केंद्रात साफ होतं. उरलेलं नाल्यांमधून तसंच नदीत उतरतं.

पवना चिंचवडवरून येऊन दापोडीजवळ मुळेला मिळते. पुढे मुळा आणि मुठा यांचा पुण्यात संगम होतो. तिथून मुळा-मुठा मुंढवा, मांजरी, थेऊर असं करत रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमा पुढे दौंडवरून उजनीच्या जलाशयात जाते. दुसऱ्या बाजूला इंद्रायणी लोणावळ्याकडून निघून देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेत येते. म्हणजे शहरात जे पाण्यात पडतं, ते खालच्या प्रत्येक गावाच्या घाटाला भेट देऊन पुढे जातं.

आजींच्या काळातही लोक नदीत आंघोळ करत, धुणी धूत. पण तेव्हा माणसं कमी होती आणि नदीला पाणी जास्त होतं. थोडी घाण वाहत्या पाण्यात विरून जायची. आता वर धरणं झाली. पावसाळा सोडला तर धरणाखाली नदीला स्वतःचं पाणी फारसं उरत नाही. जे वाहताना दिसतं त्यात शहराचं सांडपाणीच मोठ्या प्रमाणात असतं.

हे आपल्या मनाचं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातल्या नद्यांचे 351 पट्टे प्रदूषित म्हणून नोंदवले. त्यातले 53 एकट्या महाराष्ट्रात होते, सगळ्या राज्यांत जास्त. मुळा, मुठा, मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा ही आपली नावं त्या यादीत होती. मुळा-मुठेच्या सफाईसाठी जपानच्या कर्जातून मोठी योजना आखली गेली. त्याचा करार 2016 मध्ये झाला. त्यात 11 नवी प्रक्रिया केंद्रं आणि दिवसाला 396 दशलक्ष लिटर सांडपाणी साफ करण्याची क्षमता ठरली. अशी कामं व्हायला वर्षानुवर्षं लागतात. तोपर्यंत आपल्या लेकरांची काळजी आपणच घ्यायची आहे.

2. डोळ्यांना दिसतं ते आणि दिसत नाही ते

आळंदीत इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे ढीग आल्याच्या बातम्या आपण बघतो. हा फेस बहुतेक साबण आणि धुण्याच्या पावडरीसारख्या पदार्थांचा असतो. शहरातलं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी दोन्हींतून तो येऊ शकतो. मुळा-मुठेवर जलपर्णी गालिच्यासारखी पसरते, कारण सांडपाण्यातून तिला भरपूर खत मिळतं. काळं पाणी, वास, फेस, जलपर्णी, मेलेले मासे यांतलं काहीही दिसलं तर त्या पाण्यात पायही घालू नये.

पण खरी गोष्ट पुढे आहे. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून ते सुरक्षित असतंच असं नाही. आजार पसरवणारे बहुतेक जंतू माणसाच्या किंवा जनावराच्या मैल्यातून येतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना वास नाही, रंग नाही. नितळ दिसणाऱ्या ओढ्याच्या वरच्या बाजूला एखाद्या वस्तीच्या संडासाचं पाणी मिसळत असेल, तर ते आपल्याला घाटावर उभं राहून कळणार नाही.

म्हणून सरकारने आंघोळीच्या पाण्यासाठी मापं ठरवली आहेत. ती पिण्याच्या पाण्याइतकी कडक नाहीत, पण लक्षात ठेवण्यासारखी आहेत:

- मैल्यातले जंतू (तपासणीच्या कागदावर 'फीकल कोलिफॉर्म' असं लिहिलेलं असतं): 100 मिलिलिटर पाण्यात 500 पर्यंत असावेत. 2500 च्या वर गेले तर ते पाणी आंघोळीला योग्य नाही.
- पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन: लिटरला 5 मिलिग्रॅम किंवा जास्त.
- बीओडी: लिटरला 3 मिलिग्रॅम किंवा कमी.
- पीएच, म्हणजे आंबट-खारटपणाचं माप: 6.5 ते 8.5.

बीओडी म्हणजे काय, ते घरातल्या उदाहरणाने समजून घेऊ. दुरडीत पाच भाकरी आहेत आणि अचानक वीस पाहुणे आले, तर घरच्या लेकरांना काय उरणार? पाण्यातला ऑक्सिजन म्हणजे त्या भाकरी. मैला, खरकटं, रक्त, मळी अशी घाण पाण्यात आली की ती कुजवणारे जंतू वाढतात आणि ऑक्सिजन संपवतात. मग मासे तडफडतात, पाणी काळं पडतं, वास सुटतो. बीओडीचा आकडा जितका मोठा तितके पाहुणे जास्त, असं समजायचं.

3. पाण्यातून आजार शरीरात कसा येतो

"आम्ही काही नदीचं पाणी पीत नाही," असं आपण म्हणतो. पण डुबकी मारताना, चूळ भरताना, पोहताना थोडं पाणी तोंडात जातंच. लहान मुलं तर खेळता खेळता कितीतरी पाणी गिळतात. पाण्यातली घाण चार वाटांनी आत येते.

*तोंडावाटे:* जुलाब, उलट्या, विषमज्वर, कावीळ. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे दोन प्रकार आहेत, 'ए' आणि 'ई'. 'ई' प्रकारची कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. म्हणून गरोदर सुनेला किंवा लेकीला व्रत म्हणूनसुद्धा दूषित नदीत आंघोळ घालू नका. हा या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे.

*कान, डोळे आणि नाकावाटे:* कान फुटणं, कानात पू होणं, डोळे येणं. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात एक प्रकारचा अमिबा असतो. तो नाकातून मेंदूपर्यंत जातो. हा आजार फार क्वचित होतो, पण झाला तर बहुतेक वेळा जीव घेतो. केरळात 2024 आणि 2025 मध्ये असे रुग्ण आढळले. म्हणून उन्हाळ्यात साचलेल्या डबक्यात, गढूळ तळ्यात उड्या मारायला मुलांना सोडू नये. हे पाणी नाकात जाणं धोक्याचं आहे, हे त्यांना सांगावं.

*जखमेवाटे:* लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात राहतात. पायाला चीर असेल, टाचेला भेग असेल, तर तिथून ते आत येतात. आपण भातलावणीला दिवस दिवस चिखलात उभ्या असतो, त्यामुळे हा आजार आपल्या ओळखीचा असायला हवा. जोराचा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं ही लक्षणं. डॉक्टरांना सांगताना "मी पाण्यात, चिखलात काम करते" हे आवर्जून सांगा. लवकर औषध मिळालं तर आजार बरा होतो.

*कातडीवाटे:* खाज, पुरळ, फोड. घाटावर रोज धुणं धुणाऱ्या मैत्रिणींच्या हातापायांवर हे आधी दिसतं.

आता आपल्याच भागातली गोष्ट. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत 'गुलियन बारे सिंड्रोम' म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. पुढच्या काही आठवड्यांत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि काही जण दगावले. या आजारात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच नसांवर उलटते. आधी पायात मुंग्या, मग पायातलं बळ जाणं, मग हात, आणि काहींना श्वास घ्यायलाही त्रास होतो. काही रुग्णांच्या तपासणीत 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' नावाचा जंतू सापडला. हा जंतू कोंबड्या, जनावरं आणि माणसं यांच्या विष्ठेत असतो आणि दूषित पाणी किंवा अन्नातून पोटात जातो. इथे संशय मुख्यतः पिण्याच्या पाण्यावर होता, नदीच्या आंघोळीवर नव्हता. तरी त्यातून एक धडा घ्यायचा: पोटात मैल्याचं पाणी जाणं म्हणजे फक्त दोन दिवसांचे जुलाब नव्हेत. ते क्वचित कुणाला महिनोन् महिने अंथरुणाला खिळवू शकतं. जुलाब झाल्यानंतर एक-दोन आठवड्यांत पायातली ताकद गेल्यासारखी वाटली, तर भोंदूकडे किंवा मालिशवाल्याकडे न जाता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

4. कोणतं पाणी कसं?

*शहराच्या खालची नदी:* पुण्याच्या खाली मुळा-मुठा, पिंपरी-चिंचवडच्या बाजूने येणारी पवना, आणि देहू-आळंदीची इंद्रायणी. तपासणीचा ताजा चांगला निकाल हातात नसेल तोवर इथे पोहू नये, डुबकी मारू नये, आचमन करू नये.

*कालवे:* इथे बऱ्याच जणींची गफलत होते. खडकवासल्याहून निघणारा नवा मुठा उजवा कालवा धरणाचं पाणी नेतो, पण शहरातून जाताना त्यातही घाण मिसळते. जुना कालवा, ज्याला आपण बेबी कालवा म्हणतो, त्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेतीसाठी सोडलं जातं. ते पाणी शेतीचं आहे, पोहण्याचं नाही. दोन्ही कालवे दिसायला सारखेच. शिवाय कालव्यात पाणी अचानक वाढतं आणि काठ शेवाळलेले असतात. कावीळ राहू द्या, बुडण्याचा धोकाच पुरेसा आहे.

*धरणाचा फुगवटा:* खडकवासला, पानशेत, मुळशी इथे पाणी दिसायला छान असतं. पण काठावर हॉटेलं, बंगले, सहलीची गर्दी वाढली आहे, आणि त्यांचं सांडपाणी कुठे जातं हे विचारायला हवं. हेच पाणी पुढे लोक पितात, हेही विसरू नये. आपल्यातल्या काही मैत्रिणी अशा ठिकाणी भजी, भेळ, कणीस विकतात. प्लेटा धरणाच्या पाण्यात धुऊ नका आणि ते पाणी चटणीत, लिंबूपाण्यात वापरू नका. घरून ड्रममध्ये क्लोरीन टाकलेलं पाणी न्या. एकदा कुणाच्या पोटाला बाधलं तर गिऱ्हाईक परत येत नाही.

*पोहण्याचे तलाव:* कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्या गटांनी इथे नीट लक्ष द्यावं. पाण्यात मोकळं क्लोरीन साधारण लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम आणि पीएच 7.2 ते 7.8 असावा. तपासायच्या पट्ट्या बाजारात मिळतात. रोज सकाळी आणि गर्दीच्या दिवशी दोन-तीनदा तपासून वहीत लिहावं. क्लोरीनचा झोंबणारा वास आला की पाणी स्वच्छ आहे असं लोकांना वाटतं. खरं तर तो वास क्लोरीन आणि घाम-मूत एकत्र आल्यावर सुटतो. तो आला तर पाण्याला लक्ष हवं आहे असं समजा. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने साबणाने आंघोळ करावी. जुलाब झालेल्या मुलाला तलावात सोडू नये, मग पाहुणा कितीही मोठा असो.

*पहिला पाऊस:* पहिल्या एक-दोन मोठ्या पावसांत रस्त्यावरचा, उकिरड्यावरचा, गटारातला सगळा मैला एकदम ओढ्यात आणि नदीत येतो. पाणी वाढलं म्हणून आपण खूश होतो, पण तेव्हाच ते सगळ्यात वाईट असतं. जोराच्या पावसानंतर निदान दोन-तीन दिवस कुठल्याही नदी-ओढ्यात उतरू नये.

5. मग सणवाराचं काय?

हा प्रश्न नाजूक आहे आणि आजींच्या मनातला आहे. ऋषिपंचमीची आंघोळ, कार्तिक स्नान, आळंदीची वारी, अस्थी विसर्जन हे सगळं नदीशी जोडलेलं आहे. कुणाची श्रद्धा मोडा असं हा पाठ सांगत नाही.

आपल्याकडे घरच्या पाण्याने आंघोळ करतानाही गंगा, यमुना, गोदावरी अशा नद्यांना त्या पाण्यात बोलावण्याची जुनी रीत आहे. म्हणजे नदी बादलीत येते, हे आपल्या परंपरेलाच मान्य आहे. घरी नळाच्या किंवा विहिरीच्या स्वच्छ पाण्याने आंघोळ करावी, मग घाटावर जाऊन नदीला हळदकुंकू मनोमन वाहावं आणि नमस्कार करावा. नदीचं पाणी तोंडात घेऊ नये. फुलं, कापड, प्लास्टिक पाण्यात सोडू नये. वारीला गेलात तर नळाची सोय असेल तिथेच आंघोळ करा, पायाला जखम असेल तर ती झाकून घ्या, आणि नदीत पाय धुतलेच तर नंतर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने परत धुवा.

6. पॅरिसच्या नदीची गोष्ट

"एकदा घाण झालेली नदी परत स्वच्छ होते का?" असं बैठकीत कुणीतरी विचारणारच. फ्रान्स देशाच्या पॅरिस शहरातून सीन नावाची नदी वाहते. ती इतकी घाण झाली होती की 1923 मध्ये तिच्यात पोहायला बंदी आली. पुढे 2024 च्या ऑलिम्पिकसाठी तिच्या सफाईवर अब्जावधी रुपये खर्च झाले. तरीही पाऊस झाल्यावर पाण्यात जंतू वाढले, म्हणून पुरुषांची ट्रायथलॉन शर्यत एक दिवस पुढे ढकलावी लागली. जगभरातले पाहुणे आले होते, टीव्ही चालू होते, तरी त्यांनी पाण्याचा निकाल बघितला आणि थांबले. 2025 च्या उन्हाळ्यात तीन ठिकाणी सामान्य लोकांना नदीत पोहायची परवानगी मिळाली. तिथेही पाणी रोज तपासलं जातं, आणि पाणी चांगलं असेल तर हिरवा झेंडा, नसेल तर लाल झेंडा लावतात.

आपल्याकडे अब्जावधी रुपये नाहीत. पण तपासणं, निकाल सगळ्यांना दिसेल असा लावणं आणि निकाल वाईट असेल तेव्हा थांबणं, या तीन गोष्टींना फार पैसे लागत नाहीत.

7. आपला गट काय करू शकतो

*पहिलं काम, नकाशा.* गावातली पोहण्याची, आंघोळीची, धुण्याची आणि जनावरं धुण्याची ठिकाणं एका कागदावर काढा. प्रत्येक ठिकाणाच्या वरच्या बाजूला कुठला नाला, संडासाचं पाणी, गोठा, पोल्ट्री किंवा कारखाना आहे, ते खुणेने दाखवा. पोरांनाच विचारा, ती कुठे उड्या मारतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

*दुसरं काम, तपासणी.* जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि तपासणी संच देण्याची योजना आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत, ते जलसुरक्षकाला विचारा. संचातल्या लहान बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी एक-दोन दिवस ठेवतात. पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचा अंश आहे. ही चाचणी मुख्यतः पिण्याच्या पाण्यासाठी आहे. नदीचं पाणी बहुतेक वेळा काळंच होईल, आणि मैला किती आहे हे त्यातून कळणार नाही. नेमका आकडा हवा असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि तालुका पातळीवर प्रयोगशाळा आहेत. कोणत्या चाचण्या होतात ते ग्रामपंचायतीमार्फत आधी विचारा. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्या, वाहत्या पाण्यातून आणि वरच्या तवंगाच्या खालून घ्या, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळही नद्यांवर ठरलेल्या ठिकाणी नमुने घेतं आणि निकाल आपल्या संकेतस्थळावर ठेवतं. गटातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला सांगा, ती मोबाईलवर बघून आपल्या जवळच्या ठिकाणाचे आकडे वहीत लिहून देईल. वरच्या चार मापांशी ते जुळवून बघा.

*तिसरं काम, फलक.* घाटावर, कालव्याच्या पुलावर मोठ्या अक्षरांत पाटी लावायला ग्रामपंचायतीला सांगा. मजकूर साधा असावा: 'हे पाणी पोहण्यास व आंघोळीस योग्य नाही. लहान मुलं, गरोदर महिला आणि जखम असलेल्यांनी उतरू नये.' शेजारी चित्र काढा. तपासणीची तारीखही लिहा, नाहीतर जुनी पाटी कुणी वाचत नाही.

*चौथं काम, ठराव.* ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, तो आपला हक्क आहे. तिथे ठराव मांडा: नमुने वर्षातून निदान तीनदा, म्हणजे उन्हाळ्यात, पहिल्या पावसानंतर आणि ऋषिपंचमीच्या आधी तपासावेत, घाटावर नळाची आणि बायकांसाठी आडोशाची सोय करावी, गावाचं सांडपाणी ओढ्यात न सोडता शोषखड्ड्यात घ्यावं. पैसे नाहीत असं उत्तर मिळालं तर सांगा की पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीत 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला आहे, आणि तो कुठे खर्च झाला हे विचारा. वरून घाण सोडली जात असेल तर तारीख, वेळ आणि फोटो घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नदीत सोडायला 1974 च्या पाणी प्रदूषण कायद्याने मनाई आहे.

शहराकडे बोट दाखवताना आपलं अंगणही बघू. आपला संडास, आपला गोठा, आपली पोल्ट्री खालच्या गावाच्या वरच्या बाजूलाच आहे.

8. आजारी पडलंच तर

जुलाब सुरू होताच मीठ-साखरेचं पाणी द्या: 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. थोडं थोडं, सारखं देत राहा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नका. पुढचं काहीही दिसलं तर वाट बघू नका, आरोग्य केंद्रात जा: शौचातून रक्त, लघवी न होणं, मूल सुस्त पडणं, डोळे किंवा लघवी पिवळी होणं, दोन दिवसांहून जास्त ताप, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा. आशाताईला कळवा. एकाच आळीत तीन-चार घरी जुलाब असतील तर ते लगेच कळायला हवं, म्हणजे पाण्याचा उगम शोधता येतो.

बैठकीत बोलण्यासाठी

1. आपल्या गावातली मुलं कुठे पोहतात? त्या पाण्यात वरून काय मिसळतं?
2. मागच्या वर्षी कावीळ, जुलाब, ताप यांवर गटातल्या किती जणींचं कर्ज खर्च झालं? आकडा वहीत लिहा.
3. पुढच्या महिला सभेत ठराव कोण मांडणार आणि अनुमोदन कोण देणार?

दुसरा प्रश्न त्या बैठकीत विचारला तेव्हा सातजणींनी हात वर केला. हिशेब मांडणारी सचिव बोटं मोजता मोजता थांबली. आजीही बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "यंदा पंचमीला आंघोळ घरीच करू गं. नदीवर जायचं, पण हातात बाटली घेऊन. तिची पण एकदा तपासणी करू."

त्या वर्षी टेम्पो सांगितला तो घाटावर जाण्यासाठीच. सोबत हळदकुंकवाचं ताट होतं आणि बर्फाच्या डब्यात दोन रिकाम्या बाटल्या.